‘तिसरं दार’चा शेवटचा भाग

रुसे, बल्गेरिया,
फेब्रुवारी सरत आलाय

प्रिय बिस्त्रा,

तू फोन उचलत नाहीस. तुझ्या जागी मी असतो तर मीही उचलला नसता, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणून कागद घेऊन बसलोय. पाकिटावरचं अक्षर माझं आहे एवढं पाहून तरी तू ते फोडशील, अशी आशा आहे. पत्र लांबणार. आयुष्यभर दैनिकात शब्द मोजून लिहिलं. हे कापायला कोणी नाही, तेव्हा मला जरा बोलू दे.

आधी इकडची खबर. दानूबवर धुकं असं बसलंय की पलीकडचा रोमानियाचा काठ आठवड्यात एकदाही दिसला नाही. आपल्या इमारतीची लिफ्ट पुन्हा बंद आहे आणि दुरुस्तीवरून रहिवाशांची भांडणं चालू आहेत. पेन्का मावशीचे गुडघे गेले, तरी ती खालच्या मजल्यावरून रोज वर येते. आणि माझं सदर बंद झालं. नवी संपादक मुलगी चांगली आहे, घरी येऊन सांगितलं तिने. म्हणाली, “रांगेलकाका, आता लोक परीक्षण वाचत नाहीत, मोबाइलवर किती तारे दिलेत ते बघतात.” तिला वाटलं मी दुखावेन. मला खरं तर सुटल्यासारखं वाटलं. तुला ठाऊकच आहे, ते सदर मी एकट्याने कधी लिहिलंच नव्हतं.

वर्तमानपत्रातले बाकीचे सगळे मला टपरीवरचा समीक्षक म्हणायचे. मोठ्या साहित्यावर लिहायला प्राध्यापक मंडळी होती. माझ्या वाट्याला सिगारेटच्या आणि पेपरच्या टपऱ्यांवर टांगलेल्या, मऊ पुठ्ठ्याच्या कादंबऱ्या यायच्या. मी त्या तुझ्या आईच्या पुढ्यात ठेवायचो. ती वाचायची, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, खुणेला केसातली पिन घालून. आणि जेवताना निकाल लावायची. एकदा एका फार गाजलेल्या कादंबरीबद्दल म्हणाली, “तीनशे पानं झाली, अजून एकाही माणसाने काही शिजवलेलं नाही. ही माणसं जगतात कशावर?” मी ते वाक्य जसंच्या तसं छापलं. त्यावर वाचकांची इतकी पत्रं आली की ती आठवडाभर मिरवत होती. “माझं वाक्य छापलंस ना, आता भांडी तू घास,” म्हणायची. तू तेव्हा शाळेत होतीस. टेबलाखाली पाय हलवत बसायचीस आणि आमची जुगलबंदी ऐकायचीस.

‘तिसरं दार’चा पहिला भाग आला तेव्हा तू नुकतीच शिकायला सोफियाला गेली होतीस. त्यामुळेच असेल, पण ती मालिका तुझ्या आईने पहिल्या पानापासून आपली मानली. सोफियाच्या कडेला सिमेंटच्या पाट्यांची एक लांबलचक इमारत, तिला पाच दारं, आणि तिसऱ्या दारातून आतबाहेर करणारी माणसं. लेखक स्तोइल गेरगानोव दर शरद ऋतूत एक भाग काढायचा. प्रेमाचे प्रसंग त्याला अजिबात जमायचे नाहीत, ते मी दरवर्षी लिहायचो आणि तो दरवर्षी तसेच लिहायचा. पण जिन्यातला कोबी उकडल्याचा वास, रहिवाशांच्या सभेत गरम पाण्याच्या बिलावरून निघालेला तीस वर्षांपूर्वीचा राग, एका बाईने दुसरीच्या पायपुसण्यावर मुद्दाम झटकलेला सतरंजीचा कचरा, हे त्याच्यासारखं कोणी लिहिलं नाही. आणि त्या दारातली याना. नदीकाठच्या गावातून आलेली, दातांच्या कवळ्या बनवण्याच्या प्रयोगशाळेत काम करणारी, रागीट, हट्टी. आईने पहिल्याच भागावर शिक्का मारला, “ही आपली बिस्त्राच.” तू सुट्टीत आलीस तेव्हा तुला ते सांगितलं, तर तू म्हणालीस, त्या यानाला निदान नवरा तरी देखणा मिळालाय. आई इतकी हसली होती की तिला बसावं लागलं.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते टाळून पुढे जाता येत नाही. तू प्लामेनला सोडलंस आणि घरी आलीस तो सप्टेंबर. आपण बाल्कनीत मिरच्या भाजत होतो, ल्युतेनित्साच्या चटणीच्या बरण्या भरायच्या होत्या, आईचे हात कोपरापर्यंत लाल झालेले. ती म्हणाली, “असला नवरा सोडणारी मुलगी मी वाढवलेली नाही.” आणि तू म्हणालीस, “मग समज, वाढवलीच नाहीस.” दोघींपैकी एकीचाही आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं; ओरडलेलं माणूस विसरतं. तू जर्मनीत, ब्रेमेनला गेलीस ती गेलीसच. मग फक्त सणावारचे फोन.

तू गेल्यानंतरच्या शरदात सातवा भाग आला. त्यात याना नवऱ्याला सोडते. मला तो आईच्या हाती द्यायचाच नव्हता, पण तिनेच तो टपरीवरून आणला. दुपारी वाचायला बसली ती सूप करपेपर्यंत उठली नाही. मग माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “लिही. यानाने केलं ते बरोबर केलं. उलट उशीरच केला. आणि तिच्या आईने तिच्या बाजूने उभं राहायला हवं होतं, ती बाई मूर्ख आहे, हेही लिही.” मी पेन खाली ठेवून विचारलं, “आणि बिस्त्रा?” ती माझ्याकडे असं बघत राहिली की जणू मी काही अश्लील बोललो. “बिस्त्राचं नाव कोणी काढलं? मी पुस्तकाबद्दल बोलतेय.” मी ते छापलं. माझी बायको म्हणते असं लिहून, शब्द न बदलता. कात्रण तुला पाठवू का, असंही विचारलं. ती म्हणाली, राहू दे, एवढ्या लांब पोचेपर्यंत शिळं होईल. तुझी आई अशीच आहे. तिला जे तुला सांगता आलं नाही, ते तिने एका कागदी मुलीला सांगितलं.

आजार कधी सुरू झाला ते नेमकं सांगता येणार नाही. नवव्या भागाच्या वेळी ती कुरकुरायला लागली, “गेरगानोव म्हातारा झालाय. एकच पान पुन्हा पुन्हा लिहितो.” मला वाटलं, फार मार्मिक टीका आहे, वाक्य टिपूनही घेतलं. मग एका संध्याकाळी मी मागे उभा राहून पाहिलं. ती पान वाचायची, उलटायची, क्षणभर थांबायची आणि परत मागे उलटायची. मी ते वाक्य छापलं नाही. फोनवर तुला कळणं शक्यच नव्हतं. सणाच्या फोनसाठी तिची तीन वाक्यं पाठ होती: इकडे थंडी आहे, माझी तब्येत ठीक आहे, तू नीट जेवत जा. तेवढी ती व्यवस्थित म्हणायची आणि रिसीव्हर माझ्याकडे द्यायची. मी तुला म्हणायचो, हल्ली थोडं विसरते.

तेव्हापासून दुपारी मी मोठ्याने वाचायला लागलो. सगळे भाग पहिल्यापासून. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसायची, हातात लिंडेनच्या फुलांचा चहा. आधी ते पुस्तक होतं. मग हळूहळू ती शेजारपाजारची बातमी झाली. रहिवाशांच्या सभेतल्या त्या भांडकुदळ म्हाताऱ्याला ती शिव्या द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी विचारायची, निवळलं का त्यांचं? मग विचारायला लागली, यानाचा फोन आला होता का? याना शनिवारी येते म्हणाली होती, कोंबडी आणून ठेव. आणि एकदा, मी बूट काढत होतो, ती आनंदाने म्हणाली, “कळलं का, बिस्त्राने ती प्रयोगशाळा सोडली. स्वतःचं दुकान टाकतेय.” आदल्या दिवशी वाचलेल्या प्रकरणात यानाने ते केलं होतं.

मी दुरुस्त केलं नाही. का, ते सांगतो. ते वर्ष ती तुझ्याबरोबर सुखात होती. तुझ्याबद्दल माझ्याशी बोलायची, पेन्काशी बोलायची, पाववाल्या बाईशी बोलायची. तुझा घटस्फोट तिला पटला होता, तुझं दुकान चालायला लागलं होतं, एक बरा माणूस तुझ्या आयुष्यात येऊ घातला होता आणि त्याला मुलं आवडत होती. इतक्या वर्षांत तिने तुझं नाव असं मोकळेपणाने घेतलं नव्हतं. ते मी कसं काढून घेणार होतो?

गेल्या सप्टेंबरात प्रकाशकाकडून शेवटच्या भागाची प्रत आली, बाजारात येण्याच्या आधी, परीक्षणासाठी. मालिका संपतेय हे माहीत होतं. मी एका बैठकीत वाचून काढली. शेवटून दुसऱ्या प्रकरणात याना ट्रामच्या थांब्यावर उभी असते, पिशवीत पडद्याचं कापड असतं, आणि वरच्या जुन्या इमारतीच्या सज्ज्याचा कोपरा सुटून खाली येतो. बस. आधी काही चाहूल नाही, नंतर भाषण नाही. लोक ट्रामची वाट बघत राहतात. एवढी वर्षं मी या माणसाच्या चुका काढल्या. हे प्रकरण त्याने असं लिहिलं होतं की एक शब्द हलवता येऊ नये. शहरात माणूस असाच मरतो. परीक्षणात मी तेच म्हटलं, गोष्ट न फोडता. वाचक चिडतील आणि तरी लेखकाचंच बरोबर आहे, असं काहीसं. चांगलं झालं होतं परीक्षण. फक्त त्यात तुझ्या आईचं एकही वाक्य नव्हतं.

तिला मी ते प्रकरण वाचून दाखवलं नाही. त्याच्या अलीकडे थांबायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भागाच्या सुरुवातीला जायचो. तिला कळत नव्हतं. पडद्याचं कापड घ्यायला याना रोज नव्याने निघायची आणि आई रोज नव्याने सांगायची, निळं घे, पिवळं लवकर विटतं. मला वाटलं, असं आम्ही कितीही वर्षं चालवू शकू.

पेन्का मावशीचा काही दोष नाही, तिच्यावर राग धरू नकोस. पुस्तक बाजारात आलं, तिने वाचलं, रडून रडून डोळे सुजवले आणि कोणाशी तरी बोलावं म्हणून केक घेऊन वर आली. आमच्या घरात ते आधीच वाचून झालं असणार, असंच तिला वाटलं. मी बाल्कनीत बरणी शोधत होतो. आत आलो तेव्हा ती म्हणत होती, “गेली गं नेव्हेना, आपली पोर गेली. असं कोणी मारतं का?” तुझ्या आईने कप बशीत ठेवला. कुठे, विचारलं. कशी, विचारलं. पेन्काने सगळं सांगितलं, पिशवीतल्या कापडासकट. मी दारात बरणी घेऊन उभा होतो. आई उठली, कपाटापाशी गेली आणि तिच्या आईच्या वेळचा काळा रुमाल काढून डोक्याला बांधला. आरशात बघून नीट बांधला. तेव्हा कुठे पेन्काला कळलं की काय झालंय. ती जिन्यात बसून रडत राहिली.

मी खूप समजावलं, बिस्त्रा. तिचे हात हातात घेऊन म्हटलं, “नेव्हेना, ती पुस्तकातली याना. आपली बिस्त्रा ब्रेमेनमध्ये आहे. ठणठणीत आहे.” तिने माझ्याकडे फार दयेने पाहिलं. म्हणाली, “रांगेल, तुझं सगळं आयुष्य पुस्तकांत गेलं, म्हणून तुला असं वाटतं. मी आई आहे. मला कळतं.” नाताळाच्या आधी तू मोबाइलवर पाठवलेली चित्रफीत दाखवली, ती बाजारातली, तू हसतेस ती. तिने ती दोनदा बघितली, पडद्यावर बोट फिरवलं. “किती छान दिसायची,” म्हणाली. डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका. बाकीचं विसरतात तसं हेही विसरतील. मीही त्याच भरवशावर राहिलो. विसरली की तुला सांगायची वेळच येणार नाही, असं वाटलं. नाताळचा तुझा फोन मीच घेतला, आई झोपलीय म्हणालो. ती गॅस बंद करायला विसरली, माझ्या बहिणीचं नाव विसरली, एकदा माझंही विसरली. एवढंच विसरली नाही. रविवारी चर्चमध्ये मेलेल्यांसाठी खाली वाळूत मेणबत्ती लावतात ना, तिथे ती तुझ्या नावाने लावायची. आणि ती डोळे मिटून उभी असताना मी हळूच वरच्या, जिवंतांच्या तबकात तुझ्याच नावाने दुसरी लावून यायचो.

मग एका सकाळी हॉस्पिटलजवळच्या छापखान्यातून फोन आला. मेलेल्याचा फोटो घालून दारांवर लावायचे मृत्यूचे कागद छापतात, तो. तिथला दिमो पूर्वी आमच्या दैनिकात खिळे जुळवायचा. हळू आवाजात म्हणाला, “साहेब, वहिनी आल्यात. फोटो घेऊन. खरं आहे का हो?” भिंतीवरचा तुझा पदवीचा फोटो तिने चौकटीतून काढून नेला होता. मी पोचलो तेव्हा ती खुर्चीवर बसली होती, गुडघ्यावर पाकीट घट्ट धरून, आणि मजकूर दिमोला तोंडी सांगत होती. अडखळत नव्हती, एकही शब्द शोधत नव्हती. तुला ठाऊक आहे ते कागद कसे असतात, सगळे एकाच ठशाचे. तिचा तसा नव्हता. तिने सांगितलं होतं: ‘बिस्त्रा. हट्टी होती. बरोबर होती. आई.’ तिला दारांवर, झाडांवर, बसथांब्यावर लावायला पुष्कळ हवे होते. मी म्हटलं, एकच छाप. घरी येऊन तिने तो आपल्या दाराला बाहेरून चिकटवला. शेजाऱ्यांना मी एकेकाला गाठून सांगितलं. आता सगळे काही न बोलता पुढून जातात. दोनदा मी तो काढायला गेलो. नाही जमलं.

डिसेंबरात गेरगानोव आपल्या ग्रंथालयात आला. शेवटच्या भागानिमित्त गावोगाव फिरत होता. भिंतीवरचं पत्रक आईने वाचलं. मोठी अक्षरं अजून वाचते. म्हणाली, मला जायचंय. मी हजार कारणं सांगितली. ती कोट घालून दारात उभी राहिली. सभागृह भरलेलं होतं, निम्मे लोक भांडायला आलेले. एका बाईने उठून विचारलं, यानाला मारून तुम्हाला काय मिळालं? तो हसून काहीतरी बोलला, तयार उत्तर होतं त्याच्याकडे. जाड, दमलेला माणूस, कोटावर सिगारेटची राख. मग सह्यांसाठी रांग लागली. तुझी आई रांगेत उभी राहिली, काळा रुमाल बांधून, हातात पुस्तक न घेता. मी मागे. आमची पाळी आली तेव्हा त्याने मान वर न करता विचारलं, कोणाच्या नावाने लिहू?

ती म्हणाली, “लिहायचं काही नाही. तुम्ही शेवटी तिच्याजवळ होतात असं कळलं. मी तिची आई.”

त्याने मान वर केली. आधी त्याला थट्टा वाटली असावी, कारण ओठाचा एक कोपरा हलला. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि तिच्या खांद्यावरून माझा. मी काही खूण केली नाही. करण्यासारखी खूण नव्हतीच. तो टेबलामागून उठून बाहेर आला, स्वतःची खुर्ची ओढून तिला दिली आणि समोर उकिडवा बसला. त्या शरीराला ते सोपं नव्हतं.

“मावशी,” म्हणाला, “विचारा.”

“तिला फार दुखलं का?”

“नाही. तिला कळलंसुद्धा नाही. ती पडद्यांचा विचार करत होती.”

“निळे?”

हे त्याच्या पुस्तकात नव्हतं. पण तो थांबला नाही. “निळे,” म्हणाला.

मग आईने ते विचारलं ज्यासाठी ती आली होती. “माझ्यावर रागावलेली होती का हो ती?” बिस्त्रा, मी त्या माणसाची दहा पुस्तकं वाचली, दहाही वेळा त्याला शब्द वाया घालवतो म्हणून बोललो. त्या दिवशी त्याने घाई केली नाही. म्हणाला, “होती. खूप दिवस होती. पण तुमची आठवण काढल्याशिवाय तिचा एक दिवस गेला नाही.” आईने मान हलवली. “मीही रागावले होते,” म्हणाली. “उगीच.” मग उठली, त्याच्या कोटावरची राख झटकली आणि मला म्हणाली, चल, या लोकांचा खोळंबा होतोय. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. ती घरापर्यंत माझा हात धरून चालली.

आणि आता ते, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. जानेवारीत तिच्या वाढदिवशी मी औषधं आणायला खाली गेलो होतो. परत आलो तर ती फोनशेजारी भिंतीला टेकून रडत उभी. म्हणाली, “लोक किती निर्दय असतात रांगेल. कोणी बाई होती. म्हणे, आई, मी बिस्त्रा. मी सांगितलं तिला, माझी मुलगी मेली, पुन्हा या घरी फोन करू नका.” तू आईचा आवाज ऐकलास आणि ते शब्द. त्या सप्टेंबरनंतर ते शब्द ऐकून कोणीही जो अर्थ घेतला असता, तोच तू घेतलास. म्हणून तू माझेही फोन घेत नाहीस. पण पोरी, ती तुला टाकत नव्हती. ती ढसाढसा रडत होती, आणि रिसीव्हर ठेवल्यावरही संध्याकाळपर्यंत रडत राहिली. तिच्या आईबापांसाठीसुद्धा तिने एवढा शोक केला नव्हता. तेव्हा ये. ती तुला ओळखेल असं मी म्हणत नाही. डॉक्टर तर आशाच धरू नका म्हणतात. दारावर तुझाच फोटो दिसेल, घाबरू नकोस, खाली काय लिहिलंय ते वाच आणि मग बेल दाब. ती तू कोण म्हणून विचारील, तेव्हा काय सांगायचं ते मला माहीत नाही, तिथे जे तोंडात येईल ते सांग. तुला घ्यायला स्टेशनवर मीच येईन. तिला फक्त एवढंच सांगून ठेवतो की पाहुणी येणार आहे. पाहुणं येणार म्हटलं की ती अजूनही बाह्या वर करून चीज भरलेल्या बानित्साचं पीठ मळायला घेते, आणि हात चुकत नाहीत. निदान तिच्या हातचं जेवशील.

वाट बघणारा,
तुझाच,
बाबा